जीवघेणा सापळा रास्त कधी असतो? रोगलाइक गेम्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला रविवारी आम्ही काही जण जमतो. गेम्स खेळणारे असतात, बनवू पाहणारे असतात, कॉलेजातली मुलं बरीच. कुणी पार्ल्याहून येतं, कुणी डोंबिवलीहून. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी गाडी सापळ्यांवर येतेच, आणि मग आवाज चढतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. मतं माझी आहेत. गटातल्या सगळ्यांना ती मान्य नाहीत, आणि ते मला दर रविवारी ऐकवतातही.

रोगलाइक म्हणजे नेमके कोणते गेम्स?

1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा गेम लिहिला. केन अर्नोल्ड पुढे त्यांना येऊन मिळाला. पडद्यावर चित्रं नाहीत, नुसती अक्षरं आणि चिन्हं. भुयार दर वेळी नवं तयार होतं, 26 व्या लेव्हलवर येंडोरचा ताईत असतो, आणि मेलात की सगळं पहिल्यापासून. या वळणावर जाणारे ते रोगलाइक. 2008 मध्ये बर्लिनला अशा गेम्सच्या निर्मात्यांची परिषद भरली होती. तिथे लक्षणांची एक यादीच केली गेली, आणि त्यात आपोआप बनणारं भुयार आणि कायमचा मृत्यू ही दोन्ही होती.

खाली जे गेम्स येतील ते असे: नेटहॅक (1987), डन्जन क्रॉल स्टोन सूप (2006 पासून), ब्रोग (2009), आणि फोनवरचा शॅटर्ड पिक्सेल डन्जन (2014). स्पेलंकी (2008) उड्या मारण्याचा गेम आहे, पण भुयार आणि मरण याच घराण्यातलं, म्हणून तोही घेतला आहे.

राक्षसानं मारलं तर कुणी तक्रार करत नाही. सापळ्यानं मारलं की सगळे का चिडतात?

राक्षस समोरून येतो. लढायचं, पळायचं की दार लावून घ्यायचं हे तुम्ही ठरवता. हरलात तरी ठरवलेलं तुमचं असतं. दडलेल्या सापळ्याचं उलट आहे. पाऊल पडलं की मगच कळतं इथे काहीतरी होतं, म्हणजे निर्णयाची वेळ कळायच्या आतच निघून गेलेली असते. साध्या गेममध्ये याचं काही वाटत नाही, मागचा सेव्ह उघडायचा आणि पुढे जायचं. इथे मागचा सेव्ह नाही. तीन आठवडे सांभाळलेलं कॅरेक्टर एका फरशीवर संपतं.

मग रास्त सापळा कोणता? एका वाक्यात सांगा.

जितका जीवघेणा, तितका तो आधी दिसला पाहिजे.

एवढ्यानं भागत नाही म्हणून थोडं सविस्तर. मेल्यानंतर खेळणाऱ्याला मागे वळून एखादी जागा दाखवता आली पाहिजे: 'इथे मला हे माहीत होतं, इथे मी वेगळं वागू शकलो असतो.' अशी जागा सापडली तर सापळा कितीही क्रूर असो, माझी हरकत नाही. सापडली नाही तर तो सापळा फक्त फासे टाकत होता. लोक वाद घालतात नुकसान किती असावं यावर. खरा प्रश्न नुकसान आणि लपवणं या दोन्हींचा मिळून आहे. लपलेला पण किरकोळ सापळा चालतो. उघडा आणि मारून टाकणारा सापळाही चालतो. दोन्ही टोकं एकत्र आली की बिघडतं.

एखादं उदाहरण द्या, आकड्यांसकट.

नेटहॅकमध्ये एल्फ विझार्ड, म्हणजे एल्फ जातीचा जादूगार, घेऊन सुरुवात करा. 11 एचपी (जीव मोजायचे गुण, संपले की मेलात) मिळतात, डोक्यावर काही नसतं. पहिल्याच लेव्हलवर वरून दगड पडणारा सापळा असू शकतो, आणि तो दिसत नाही. दगडाचं नुकसान म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज. बेरीज 11 किंवा 12 येण्याचे मार्ग 36 पैकी 3. म्हणजे तो दगड पूर्ण एचपी असलेल्या विझार्डाला बारातून एकदा जागच्या जागी मारतो. तुम्ही काय चुकलात? काहीच नाही. खोलीतून चालत होतात.

आता तोच दगड, पण डोक्यावर धातूचं शिरस्त्राण आहे. नुकसान फक्त 2. इथे सापळ्याला उत्तर आहे, आणि ते उत्तर खेळणाऱ्याच्या हातात येऊ शकतं: भुयारातल्या बुटक्या शत्रूंकडून लोखंडी टोप मिळतो, तो घाला. म्हणून पाचव्या लेव्हलवर उघड्या डोक्यानं फिरणाऱ्याला दगडानं मारलं तर मी गेमची बाजू घेईन. पहिल्या लेव्हलवर, टोप मिळायची संधीही आली नसताना मारलं, तर नाही.

नेटहॅकसारख्या थोर गेमला अन्यायी म्हणताना काही वाटत नाही?

गेम थोर आहेच. म्हणूनच त्याच्याशी वाद घालावासा वाटतो.

नेटहॅकच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की हा ज्ञानाचा गेम आहे. कोणत्या सापळ्याला काय उतारा हे शिकणं म्हणजेच खेळणं. यात तथ्य आहे. भूसुरुंग सहाव्या लेव्हलच्या आधी तयारच होत नाही, खिळ्यांचा खड्डा पाचव्याच्या आधी नाही, रूप बदलणारा सापळा आठव्याच्या आधी नाही. म्हणजे बनवणाऱ्यांनी कच्च्या कॅरेक्टरचा विचार केलेला आहे, अंदाधुंद पेरणी नाही. उलट, विषाचा बाण बघा. विषाला प्रतिकार नसेल तर एचपी काठोकाठ असतानाही तो क्वचित एकदम मारतो. प्रतिकार मिळवता येतो, पण तो मिळवायला हवा हे गेम तुम्हाला कुठे सांगतो? मेल्यावर. मग पुढच्या वेळी कळतं. या शिकवण्यात माझ्या मते फी फार आहे.

एक गोष्ट मला मनापासून आवडली. नेटहॅकच्या 3.7 आवृत्तीच्या कोडमध्ये सुरुवातीच्या लेव्हल्सवरच्या काही सापळ्यांवर आधी कुणीतरी मेलेल्याचं प्रेत आणि त्याचं थोडं सामान ठेवायची सोय आली. मोकळ्या खोलीच्या मध्यभागी प्रेत पडलेलं दिसलं की शहाणा माणूस थबकतो: हा इथे का मेला? पाटी नाही, सूचना नाही, सापळा आहे तिथेच आणि तेवढाच घातक. तरीही खेळणाऱ्याला विचार करायला एक क्षण मिळाला. ज्या गेमकडे बोट दाखवून 'सापळे असेच हवेत' असं म्हटलं जातं, त्या गेमनंच हे केलं.

पण शोधायची सोय असते ना? प्रत्येक पावलाला शोधलं तर कुणी मरणार नाही.

असते. नेटहॅकमध्ये 'एस' दाबलं की शेजारच्या चौकटी शोधल्या जातात. नशीब सामान्य असेल तर शेजारचा सापळा एका शोधात सापडण्याची शक्यता आठात एक. पाच वेळा शोधलंत तरी न सापडण्याची शक्यता निम्म्याहून जराशी जास्तच उरते. आता पूर्ण लेव्हल अशी शोधत चाला. सुरक्षित खेळ म्हणजे हजारदा एकच बटण दाबणं, असा अर्थ होतो. आणि एवढं करून गेममधली भूक वाढत राहते ती वेगळीच.

माझा मुख्य राग यावर आहे. ज्या खेळात काळजी घेणं कंटाळवाणं असतं तिथे लोक काळजी घेणं सोडतात, आणि मग मेल्यावर त्यांनाच ऐकवलं जातं, 'शोधायला हवं होतंस.' स्टोन सूपच्या मंडळींनी आपल्या नियमावलीतच लिहून ठेवलं आहे की निर्णयाला अर्थ हवा आणि कंटाळवाण्या कामातून फायदा मिळता कामा नये. त्याला जागून त्यांनी शोधण्याची आज्ञा काढून टाकली, आणि पुढच्या आवृत्त्यांत दडलेले सापळेही काढले. आता नवी जागा धुंडाळताना कधी अचानक खालच्या लेव्हलवर पडायला होतं, कधी भलतीकडे फेकले जाता, कधी घंटा वाजून सगळे जागे होतात. यातलं काहीच स्वतः मारत नाही. फक्त तुम्हाला अडचणीत टाकतं, आणि पुढचं तुमच्यावर.

आधीच इशारा दिला तर सापळ्यात राहिलं काय?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि उत्तर मुंबईकराला सांगायला सोपं आहे. पावसात रस्ता तुंबला, गटाराचं झाकण उघडं असलं की आजूबाजूचे लोक त्यात झाडाची फांदी खोचून ठेवतात. फांदीमुळे गटार उथळ होत नाही. पाणी तेवढंच, ओढ तेवढीच, आणि ऑफिसला पोचायचंच असतं. फक्त आता पाऊल कुठे टाकायचं हे तुमच्या हातात आलं.

गेममध्ये हे कसं दिसतं? ब्रोग बघा. एका मोकळ्या दालनात चौथऱ्यावर किल्ली ठेवलेली असते. राखण करायला कुणी नाही. दोन-चारदा खेळलेल्या माणसाला लगेच कळतं की उचलली की काहीतरी होणार. एका प्रकारात किल्ली उचलताच आजूबाजूची जमीन कोसळते. दुसऱ्यात गॅस सुटतो, हातपाय लुळे पडतात, आणि भिंती फोडून उंदीर बाहेर येतात. इथे आमिष हाच इशारा आहे. किल्ली न घेता जाता येतं. घ्यायची असेल तर आधी भिंती बघा, पळायची वाट ठरवा, खाली पडलो तर चालेल का याचा विचार करा. अशा दालनात मी मेलो आहे आणि प्रत्येक वेळी मला कळलं की हाव माझीच होती.

स्पेलंकीतला बाणाचा सापळा तर मला शाळेत शिकवावा असा वाटतो. भिंतीतला दगडी चेहरा उघड दिसतो. समोरून काहीही हललं की बाण सुटतो आणि चारपैकी दोन हृदयं जातात. 'काहीही' हा शब्द महत्त्वाचा. दगड उचलून समोर फेका, बाण दगडावर सुटतो आणि सापळा कायमचा रिकामा. शत्रू समोरून गेला तर त्यालाच लागतो. जमिनीवरचे खिळे तर आणखी कडक: वरून पडलात की किती हृदयं आहेत ते बघत नाहीत, थेट मृत्यू. पण त्यांच्यातून सावकाश चालत जाता येतं. लपलेलं काही नाही. तरी लोक हजारोंनी मरतात, कारण घाई असते, मागे वटवाघूळ असतं, लक्ष दुसरीकडे असतं. सापळा उघडा ठेवल्यानं खेळ सोपा होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी स्पेलंकीत चार लेव्हल उतरून दाखवाव्यात.

लोकलमध्ये उभ्यानं फोनवर खेळतो. तिथे न्याय वेगळा लागतो का?

हो, थोडा वेगळा लागतो. धक्का बसला आणि अंगठा बाजूच्या चौकटीवर पडला तर तो निर्णय तुमचा नव्हता. म्हणून फोनवरच्या गेमनं माहीत असलेल्या सापळ्याला आपणहून वळसा घातला पाहिजे. लांबच्या चौकटीवर बोट ठेवलं तर शॅटर्ड पिक्सेल डन्जनमध्ये कॅरेक्टर दिसणारे सापळे टाळून जातं.

या गेमबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आमच्याकडचे बहुतेक जण याच गेमवर वाढले. त्यात प्रत्येक सापळ्याला रंग आणि आकार दोन्ही असतात. दुपारच्या उन्हात, ब्राइटनेस कमी करून, दारात उभं राहून खेळताना रंग ओळखू येत नाही, तेव्हा आकार मदतीला येतो. रंगांधळ्या माणसाला तर नेहमीच येतो. आणि त्यातला सर्वात घातक, ग्रिम नावाचा राखाडी सापळा, गेम कधीच लपवत नाही. अरुंद बोळातही टाकत नाही. त्याहून पुढची गोष्ट: तुमचा एचपी जवळपास पूर्ण असेल तर तो मारत नाही, 1 एचपीवर आणून सोडतो. कमी असेल तर संपलात.

माझा भाचा नववीत आहे. विरारहून येताना त्यानं खेळता खेळता विचारलं, "मामा, हा करड्या ठिपक्यावर टाकू का दगड?" टाक म्हटलं. वस्तू पडली तरी सापळा सुटतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं आधी एकदा उंदराला दुसऱ्या सापळ्यावर जाताना पाहिलं होतं. सापळे उघडे असले की पोरं असे प्रयोग करतात. लपलेल्या सापळ्यावर प्रयोग कोण करणार?

इशारा इंग्रजीत असेल आणि खेळणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर?

मग त्याच्यापुरता तो इशारा नाहीच. यावर पुरेसं बोललं जात नाही याची मला खंत आहे. जुन्या रोगलाइकमध्ये अर्धी माहिती वाक्यांतून येते: कसला तरी वास येतोय, कुठेतरी पाण्याचा आवाज होतोय, फरशी जरा हलली. ते वाक्य पडद्याच्या वरच्या ओळीत एकदा येतं आणि जातं. ज्याला इंग्रजी सरावाचं आहे त्याला सावध व्हायला वेळ मिळतो. मराठी माध्यमातली मुलगी ते वाचेपर्यंत पुढचं बटण दाबून मोकळी होते. दोघांसाठी सापळा एकच, न्याय मात्र एक नाही.

गेम बनवत असाल तर दोन गोष्टी करा. घातक सापळ्याची खूण चित्रात असू द्या: रक्ताचा डाग, फुटकी फरशी, भिंतीतलं भोक. आणि वाक्यं ठेवायचीच असतील तर ती भाषांतर करता येतील अशी वेगळ्या फाइलीत ठेवा, कोडमध्ये कोंबू नका.

गेमची विकी (खेळणाऱ्यांनीच लिहिलेली माहितीची साइट) वाचून खेळणं म्हणजे चीटिंग का?

नाही. पण विकी वाचल्याशिवाय जिवंतच राहता येत नसेल तर दोष गेमचा.

सेव्ह फाइलची कॉपी ठेवली तर?

तुमचा फोन, तुमचा वेळ. सराव म्हणून ठेवा. जिंकलो असं आम्हाला सांगू नका एवढंच.

भुयार आपोआप बनतं. मग सापळा चुकीच्या जागी पडला तर दोष कुणाचा?

बनवणाऱ्याचा. 'रँडम होतं' हे कारण मी ऐकून घेत नाही. नियम तुम्ही लिहिलेत, तर त्या नियमांतून काय काय निघू शकतं याची जबाबदारीही तुमची.

नेहमीची चूक अशी: एक चौकट रुंदीचा बोळ, त्याच्या मधोमध लपलेला सापळा, आणि खाली जायचा जिना बोळाच्या पलीकडे. दुसरी वाट नाही. इथे सावध खेळणारा आणि बेसावध खेळणारा दोघांचंही एकच होतं. उपाय अवघड नाही. लेव्हल तयार झाली की वरच्या जिन्यापासून खालच्या जिन्यापर्यंत, सगळे लपलेले सापळे भिंत आहेत असं समजून, वाट शोधा. वाट सापडली नाही तर आडवा येणारा एखादा सापळा काढा किंवा उघडा करा. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवतात तो वाट शोधायचा अल्गोरिदम इथे पुरतो.

दुसरी चूक जोड्यांची. हातपाय लुळे करणारा गॅस एकटा कुणाला मारत नाही. शेजारच्या खोलीत जागे राक्षस असले की तोच सापळा मृत्युदंड होतो. घातकपणा मोजताना सापळा एकटा मोजू नका, त्याच्या आसपास काय पडू शकतं ते धरून मोजा.

मग जीव घेणारे सापळे काढूनच टाकावेत का? पळवणारे, अडकवणारे पुरेत की.

मला नाही पटत. पळवणारा सापळा फार चांगला असतो, कारण त्यानं गोष्ट पुढे सरकते: भलत्या कोपऱ्यात येऊन पडलात, औषधं संपत आलीत, आता काय? पण ज्या भुयारात जमीन कधीच मारत नाही तिथे लोक जमिनीकडे बघणं सोडून देतात. नकाशा नुसता राक्षसांमधला रस्ता होतो. एखादी राखाडी खूण दिसली आणि पोटात गोळा आला, हे मला हवं आहे. काही जणांनी आपल्या गेममधून सगळे घातक सापळे काढले आणि खेळणारे खूश झाले, हे मी पाहिलं आहे. तरी त्या गेममध्ये काहीतरी कमी झालं असं मला वाटतं.

आमच्या गेममधले सापळे रास्त आहेत का हे कसं तपासू?

गेम कधीच न पाहिलेल्या माणसाला खेळायला बसवा. बहीण चालेल, शेजारचे काका चालतील, गेमिंगवाला मित्र शक्यतो नको, त्याला जुन्या सवयी वाचवतात. मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. 'तिकडे नको जाऊ' म्हणालात की त्या दिवसाची तपासणी फुकट.

मेल्यावर, नवा डाव सुरू करू द्यायच्या आधी, दोन गोष्टी विचारा: कशानं मेलात, आणि कुठे वेगळं करता आलं असतं. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. 'घाई केली', 'हाव नडली', 'दिसत होतं पण वाटलं निघून जाईन' ही उत्तरं आली तर सापळ्याला हात लावू नका. 'कळलंच नाही' हे एकाच सापळ्याबद्दल दोन वेगळ्या माणसांकडून आलं, तर काम आहे. अशा वेळी बहुतेक जण आधी नुकसानाचा आकडा कमी करतात. तो तसाच ठेवा. आधी खूण ठळक करा आणि तिसऱ्या माणसाला बसवा. तोही 'कळलंच नाही' म्हणाला तर सापळ्याची जागा बदला. आकडा त्यानंतर.